बेटाला वळसा

प्रवासवर्णन म्हटलं की विमानतळापासून सुरुवात करायची, अशी एक रीत आहे. ती मोडून मी सरळ गाडीपासूनच सुरुवात करते. गाडी माझ्या मैत्रिणीच्या वडिलांची होती आणि वयानं आम्हां दोघींपेक्षा थोडीशीच लहान. दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नसे आणि चढ आला की ती चक्क कण्हत असे. "हिला घाई चालत नाही," असं किल्ली देताना वडिलांनी बजावलं होतं. पण आम्हांला तरी घाई कुठं होती? परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता, आणि पुढ्यात अख्खं मॉरिशस होतं!

अख्खं म्हणजे तरी केवढं? सुमारे ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद. मनात आणलं तर माणूस सकाळी निघून, बेटाला वळसा घालून रात्रीच्या जेवणाला घरी परततो. आम्ही मात्र तीन दिवस लावले.

माझी ही मैत्रीण तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर ती आपल्या कॉलेजात आली, मराठी विषय घेऊन बी.ए. झाली आणि तीन वर्षं वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत राहिली. नाव छापलेलं तिला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. तिच्या मराठीची आम्ही गंमत करत असू, हेही आठवत असेल. ती "माझा वही" म्हणे, "तो गाडी आला" म्हणे, आणि आम्ही कोरसमध्ये "माझीऽऽ वही!" असं ओरडत असू. त्यात वाईट काही आहे, असं तेव्हा मला वाटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी आम्ही बेटाच्या मध्यावरच्या वाक्वा गावाहून निघून राजधानीत, पोर्ट लुईला आलो. बंदरालगत 'अप्रवासी घाट' आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाचं जहाज ३६ हिंदी मजूर घेऊन या बेटावर आलं. पुढं १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं अशी करारावर आली. कोणी कलकत्त्याहून, कोणी मद्रासहून, तर कोणी आपल्या मुंबईहून. मुंबईहून आलेल्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसं होती. घाटाच्या दगडी पायऱ्या अजून आहेत. "माझा पणजोबाचा बाप इथूनच वर आला," मैत्रीण म्हणाली. 'माझ्या' असं सुधारण्यासाठी माझी जीभ शिवशिवली. पण त्या पायऱ्यांसमोर तोंड उघडवलं नाही.

तिथून पांप्लमूसच्या बागेत परातीएवढाली कमळपानं पाहिली, उत्तर टोकाच्या काप माल्येरेला तांबड्या छपराचं देऊळवजा चर्च पाहिलं आणि रात्री पूर्वेकडं फ्लाकला तिच्या मावशीकडं मुक्काम केला. या बेटावर कुठंही अंधार पडला तरी हिचं कोणी ना कोणी तिथं राहत असतंच!

दुसऱ्या दिवशी किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेकडं निघालो. उजवीकडं ऊस, डावीकडं समुद्र. कोल्हापूरकरालाही हेवा वाटावा असा ऊस! पण उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे घरासारखे उंच ढीग पाहून मी चक्रावले. मला आधी वाटलं, जुनी देवळं पडली असावीत. मैत्रिणीनं गाडी थांबवली. "हे आमच्या लोकांनी रचलंय," ती म्हणाली. हे बेट ज्वालामुखीतून झालेलं, त्यामुळं जमिनीत जिकडंतिकडं दगड. ऊस लावायचा तर आधी दगड वेचायचे, आणि ते हातांनी वेचले या मजुरांनी. मॉरिशसात दगड उलटला की खाली सोनं सापडतं, असं सांगून त्यांना इकडं आणलं, अशी कथा तिथं घराघरांतून सांगतात. दगड मात्र त्यांनी सगळे उलटले!

दुपारी माएबूरला आलो. याच बाजूच्या समुद्रात २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' नावाचं जहाज प्रवाळावर चढलं आणि पुढं त्यातलं तेल पाण्यात पसरलं. तेव्हा गावोगावच्या लोकांनी उसाचं पाचट पिशव्यांत भरून त्याचे लांबच लांब तरंगते बांध केले. कित्येकांनी तेल शोषायला डोक्यावरचे केससुद्धा कापून दिले. ज्या उसानं आजोबांचा घाम काढला, तोच उपयोगी पडला.

बाजारात एक म्हातारे गृहस्थ ढोलपुरी विकत होते. ही म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचं सारण भरलेली मऊ पोळी; आपल्या पुरणपोळीची तिखटाकडं झुकलेली बहीण. ती जोडीनंच विकतात. चव इतकी छान, की मला क्रिओल बोलण्याची उबळ आली. "मला तुमची पुरी आवडली" असं सांगावं म्हणून मी ऐटीत म्हणाले, "मो कोंतां त्वा!" मैत्रीण ठसका लागेपर्यंत खोकली. "माझं तुमच्यावर प्रेम आहे" असं मी त्या आजोबांना भर बाजारात सांगितलं होतं! मी शरमेनं लाल झाले. पण आजोबा हसले नाहीत, आजूबाजूचंही कोणी हसलं नाही. त्यांनी आणखी एक जोडी कागदात गुंडाळून माझ्या हातावर ठेवली आणि मला म्हणता येईल इतक्या सावकाश बरोबर वाक्य दोनदा उच्चारून दाखवलं. पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी सूयाकजवळ ग्री ग्रीच्या कड्यावर बसलो होतो. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाचं कुंपण आहे, म्हणून किनाऱ्यावरचं पाणी तळ्यासारखं निवांत असतं. इथं ते कुंपण नाही. लाटा थेट कड्यावर येऊन फुटतात. बराच वेळ कोणीच बोललं नाही. मग मैत्रीण एकदम म्हणाली, "स्नेहसंमेलनात मी नाव का मागं घेतलं, माहीत आहे तुला?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे मी ते विसरून गेले होते. पहिल्या वर्षी ती झाकरी म्हणणार होती. झाकरी म्हणजे कोकणातली जाखडी. मजुरांबरोबर ती समुद्र ओलांडून गेली आणि तिथं या नावानं राहिली. तालमीच्या वेळी मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "अगं, झाकरी काय? जाखडी! आधी नाव तरी नीट शीक." सगळे हसले होते. मग तिनं घशाचं कारण सांगितलं, आणि त्यानंतर आमच्याशी ती जास्त करून इंग्रजीतच बोलू लागली. आम्हांला वाटलं, हिला ऐट आली.

"क्रिओलमध्ये वही तो नाही, ती नाही," ती म्हणाली. "मी मराठी शाळेत शिकली, पण घरी आजी बोलायची तेच माझ्यासाठी मराठी. तुम्ही हसलात तेव्हा वाटलं, आजीलाच हसलात."

मी माफी मागितली. लाटांच्या आवाजात ती तिला ऐकू गेली की नाही कोण जाणे, म्हणून मी पुन्हा मागितली. तेव्हा ती म्हणाली, "आयकलं गं, पहिल्यांदाच आयकलं."

तिसऱ्या दिवशी ल मोर्नचा डोंगर लागला. पळालेले गुलाम या ५५६ मीटर उंच काळ्या खडकावर लपून राहत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामी संपल्याचं सांगायला शिपाई वर आले. त्यांना पाहून, आता पकडणार या भीतीनं गुलामांनी खाली उड्या घेतल्या, अशी दंतकथा आहे. सुटकेची बातमी आणणारा माणूसही किती भयंकर वाटू शकतो! त्या डोंगराकडं पाहताना हिंदी मजुरांच्या आधीची ही माणसं कोण होती, हे मी प्रथमच मनाशी विचारलं.

दुपारी कास्कावेलला पोचलो. तिथं मैत्रिणीची आजी राहते. पातळ नेसलेली, बुटकी, थेट आमच्या गावच्या घाटीवर भेटावी अशी. मी रत्नागिरीकडची म्हटल्यावर तिनं माझा हात धरला तो जेवण होईपर्यंत सोडला नाही. मग मैत्रिणीनं ढोलकी काढली आणि आजी झाकरी म्हणू लागली. काही शब्द मला कळले, काही नाही. एका ओळीचा अर्थ मी विचारला. आजी म्हणाली, "म्हायत नाय. माझ्या आईला पण नव्हता म्हायत. पण म्हणायचं सोडलं नाय आम्ही."

पुढच्या कडव्यात एक शब्द मला चुकीचा वाटला. मैत्रिणीनं ढोलकीवरून माझ्याकडं पाहिलं आणि ती मिश्किल हसली. मी टाळी धरली आणि तो शब्द आजीनं म्हटला तसाच म्हटला.

संध्याकाळी वाक्वाला परतलो. जिथून निघालो त्याच दारात गाडी उभी राहिली. दार दोनदा आपटावं लागलं. "तो गाडी दमला," मैत्रीण म्हणाली.

"हो," मी म्हटलं, "फारच दमला."