पितळी नळी

माझे माहेर गोव्याचे, मातृभाषा कोंकणी. त्यामुळे हिमायतनगरच्या आमच्या वर्गात समुद्रासंबंधी माझा शब्द प्रमाण मानला जाई. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने भंगारवाल्याकडून आणलेली एक जाड पितळी नळी माझ्यापुढे ठेवली. “ही गलबतातले पाणी उपसण्याची पिचकारी,” मी बेधडक सांगून मोकळी झाले.

“पण बाई, हिला दट्ट्या कुठे आहे?”

दट्ट्या खरोखरच नव्हता! दोन्ही टोकांना एकाच दांडीने जोडलेल्या झडपा होत्या आणि कुशीला उष्णतामापके बसविण्याची चौकट. दोन रात्री पुस्तके चाळली, तेव्हा ओळख पटली. नॉर्वेचे संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्या नावाची ही बाटली. खोल समुद्रातील पाण्याचा नमुना घेणारी. उघड्या तोंडांनी ती तारेवरून खाली सोडतात. मागाहून त्याच तारेवरून एक लहानसे वजन धाडतात. त्याला म्हणतात ‘दूत’! दूताचा आघात होताच बाटली उलटते, झडपा मिटतात आणि त्या खोलीचे पाणी आत कोंडले जाते. उष्णतामापकातील पाऱ्याचा धागाही त्याच क्षणी तुटतो, म्हणून तेथील तापमान वर येईपर्यंत बदलत नाही.

१९६० ते १९६५ या काळात झालेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर, १९६६ साली, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोना पावला येथील तिच्या फाटकावरून मी असंख्य वेळा गेले आहे. आत काय चालते, हे कधी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात मी माझी चूक सांगितली. विद्यार्थिनीने नळी पुन्हा न्याहाळली आणि म्हणाली, “बाई, हिचा दूत हरवला आहे.” त्या संध्याकाळी ती पुन्हा भंगारवाल्याकडे गेली.