माझा वीर

रनाळ्यांतील माझ्या बाळपणीं जेम्स बाँडहून थोर वीर नाहीं, असें मला वाटे. १९८३ सालच्या ‘ऑक्टोपसी’ चित्रपटांत तो उदयपुरच्या बाजारांत रिक्षेंतून नोटा उधळतो. त्या वेंचण्यास गर्दी धांवते व शत्रु अडतात. मी खदखदां हंसलों होतों. प्रौढपणीं तोच प्रसंग पाहतांना मान खालीं गेली. ती गर्दी आमचीच होती! रिक्षा हांकणारा त्याचा हिंदुस्थानी सोबती, म्हणजे विजय अमृतराज, पुढें मारला जातो. नायकाची मोहीम मात्र थांबत नाहीं. माझें मन विटलें.

परंतु २०२१ सालच्या २५व्या चित्रपटांत, आपल्या स्पर्शानें प्रिया व कन्या मरतील हें जाणून तो पळून न जातां मृत्यु पत्करतो. त्या दिवशीं माझे डोळे पाणावले. जुना राग गेला नाहीं. पण जुना वीर मात्र परत भेटला.