फक्त तिलाच दिसलेली जाहिरात

चि. मंदार,


फोनवर मी बोलायला लागले की तू ‘हो आत्या, हो आत्या’ करत विषय गुंडाळतोस, म्हणून लिहायला बसले. तुमच्या जाहिरात एजन्सीला नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या क्लासचं काम मिळालं, आनंद आहे. पण क्लायंटला पुन्हा परीक्षा देणाऱ्यांची रिपीटर बॅच भरायची आहे आणि निकालाच्या आठवड्यात जाहिराती सोडल्या की लीड, म्हणजे चौकशी करणाऱ्यांचे नंबर, स्वस्तात मिळतात, असं तू सहज बोलून गेलास. तेवढंच डोक्यात राहिलं आणि एक जुनी बातमी आठवली.

२०१७च्या मे महिन्यात ‘द ऑस्ट्रेलियन’ या दैनिकाने फेसबुकच्या एका अंतर्गत दस्तऐवजाची बातमी छापली होती. तेवीस पानांचा मजकूर, कंपनीच्या तिथल्या अधिकाऱ्यांनी एका बड्या बँकेसाठी तयार केलेला. शाळकरी, कॉलेजातली आणि नुकती नोकरीला लागलेली मिळून ६४ लाख मुलं. त्यातली शाळकरीच १९ लाख. ही मुलं कोणत्या वेळी दडपणाखाली असतात, कधी घाबरतात, कधी स्वतःला निरुपयोगी समजतात, हे त्यांच्या पोस्ट आणि फोटोंवरून आम्हाला कळू शकतं, असा त्याचा सूर होता. आठवड्याच्या सुरुवातीला त्यांना धीर हवा असतो आणि शनिवार-रविवारी मिरवायचं असतं, इथपर्यंत हिशेब मांडलेला.

फेसबुकने लगेच खुलासा केला: भावनेवरून जाहिरात लावायचं साधन आम्ही देत नाही, अभ्यास निनावी आणि एकत्रित माहितीवरचा होता. असेलही. पण मी जाहिरातीच्या धंद्यात जन्म काढलाय. विकायला बसलेला माणूस गिऱ्हाइकासमोर तोच माल मांडतो, ज्याला गिऱ्हाईक आहे असं त्याला पक्कं ठाऊक असतं. पुढे २०२५मध्ये कंपनीच्या माजी अधिकारी सारा विन-विल्यम्स यांनी अमेरिकी सिनेटसमोर सांगितलं, की एखाद्या मुलीने स्वतःचा सेल्फी डिलीट केला की तो सौंदर्यप्रसाधनं विकायचा मुहूर्त धरला जाई. फेसबुकची मालक कंपनी मेटाने त्यांचे आरोप फेटाळले आहेत.

आता तू म्हणशील, तुम्ही काय धुतल्या तांदळासारखे होता का? मुळीच नाही. ‘फेअर अँड लव्हली’ हे गोरेपणाचं क्रीम १९७५मध्ये बाजारात आलं. नावातलं ‘फेअर’ निघायला २०२० उजाडलं. सावळ्या मुलीच्या मनातली बोच आम्हा जाहिरातवाल्यांना पक्की माहीत होती. पण ती जाहिरात दूरदर्शनवर लागायची तेव्हा मुलीशेजारी आजी असायची, भाऊ असायचा, एखादी फटकळ मावशी असायची. कोणीतरी म्हणायचं, “काय मेला चावटपणा!” वर्तमानपत्रांत पत्रं यायची, बायकांच्या संघटना तक्रारी करायच्या. जाहिरात चारचौघांत होती म्हणून तिला चारचौघांत जाब विचारता येत होता. आणि त्या मुलीला आज वर्गात कोणी काय बोललं, हे आमच्या बापालाही कळत नव्हतं.

तुमची जाहिरात एकटीला गाठते. त्याच सोफ्यावर बसलेल्या आईच्या फोनवर त्या वेळी कुकरची जाहिरात असते. मुलीला काय दाखवलं गेलं हे तिच्याशिवाय कोणाला दिसत नाही. मग तक्रार करायची कोणी? माहिती गोळा करतात याहून मला हे जास्त खुपतं.

पिक्सेलचं तुला मी काय सांगणार! कोणी कोणतं पान उघडलं हे फेसबुकला कळवणारा तो कोड क्लासच्या वेबसाइटवर बसवलेला असतो. रात्री दीडला कोणी रिपीटर बॅचचं पान तीनदा उघडलं की निरोप पोचतो आणि दुसऱ्या दिवसापासून ‘एक वर्ष वाया घालवू नका’ मागे लागतं. २०२१मध्ये फेसबुकने जाहीर केलं, की अठराखालच्यांना आवडीनिवडी किंवा इतर साइटवरच्या हालचाली पाहून जाहिरात लावता येणार नाही, फक्त वय, लिंग आणि ठिकाण पाहून. २०२३मध्ये लिंगही काढलं. हे वाचून मला बरं वाटलं होतं. पण वय मूल स्वतः टाकतं, आणि आपल्याकडे तर निम्मा कारभार आईच्या नाहीतर ताईच्या फोनवर चालतो. यंत्राच्या हिशेबी ती बेचाळीस वर्षांची गृहिणी असते.

आपला २०२३चा डेटा संरक्षण कायदा याबाबत कडक आहे. अठराखालचं प्रत्येक जण मूल, त्याच्या वागण्यावर पाळत नाही, त्याला नेम धरून जाहिरात नाही, दंड २०० कोटींपर्यंत. नियम मात्र नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि हे कलम लागू व्हायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत दिली. तेवढ्या काळात नीटच्या निकालाचा एक हंगाम तरी आरामात बसतो. तुझ्या क्लायंटलाही ते ठाऊक असणार.

नोकरी सोड असं मी म्हणणार नाही. घराचे हप्ते मला माहीत आहेत. एवढं कर: रिपीटरच्या पानावरून पिक्सेल काढायला लाव. बॅच भरायचीच असेल तर पेपरात जाहिरात द्या, स्टँडवर फलक लावा, आईबापांना बोलावून फी, शिक्षक, मागच्या वर्षी किती पोरांचे मार्क खरंच वाढले ते सांगा. लीड महाग पडतील. क्लायंट ओरडला तर माझा नंबर दे, असल्या क्लायंटांशी मी पुष्कळ भांडलेय.

आणि मीडिया प्लॅनमध्ये वयाच्या रकान्यात काय भरलंय ते कळव. ‘१८ ते २४’ असेल, तर त्यातली खरी अठरा पूर्ण किती, हे तुमच्या डेटावाल्याला माझ्यासाठी विचारून ठेव.

तुझी,
आत्या