गोळा सैल ठेवा, वहिनी

सीवूड्स, नवी मुंबई
रविवार

ती. सौ. वहिनी,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "भाऊजी, हे इटालियन मीटबॉल म्हणजे आपले खिम्याचे गोळेच ना? मग नातू माझ्या हातचे खाऊन 'हे ते नव्हेत' असं का म्हणतो?" फोनवरचं तुमच्या लक्षात राहत नाही आणि व्हॉट्सॲपवरच्या कृतींवर तुमचा विश्वास नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

नातवाचं बरोबर आहे. सामानात फरक आहेच, पण मोठा फरक आहे तो हाताचा. आपण खिमा चिकट होईपर्यंत मळतो, डाळ्याचं पीठ घालतो, गोळा घट्ट वळतो. उकळत्या रश्श्यात तो फुटला तर करणारीची अब्रू जाते ना! इटालियन गोळा मात्र चमच्याच्या नुसत्या कडेने तुटला पाहिजे. मीठ लावून मांस मळलं की त्यातली प्रथिनं सुटतात आणि एकमेकांना घट्ट धरतात. गोळा फुटत नाही तो त्यामुळेच, आणि शिजल्यावर चिवट होतो तोही त्यामुळेच. तेव्हा पहिला नियम: खिमा मळायचा नाही. बोटं पसरून सगळं एकत्र झालं की हात बाहेर.

मग तो टिकतो कशावर? पावावर. अर्धा किलो खिम्याला लादीतले दोन शिळे पाव घ्या, वरची साल काढा आणि अर्धी वाटी दुधात भिजवून लगदा करा. पोरं म्हणतात, पाव म्हणजे मटण वाढवायची युक्ती. युक्ती खरीच, मूळ पदार्थच काटकसरीचा. पेलेग्रिनो आर्तुसी नावाच्या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने 1891 साली पदरचे पैसे घालून पाककृतींचं पुस्तक छापलं आणि पुढे ते इटलीत घरोघरी गेलं. त्यातले हे गोळे उरलेल्या उकडलेल्या मांसाचे आहेत. पण पाव पोट भरण्यापेक्षा मोठं काम करतो. तो दुधाचा ओलावा धरून ठेवतो आणि मांसाच्या कणांना एकमेकांना चिकटू देत नाही. आपल्या बोकडाच्या मटणाला तर त्याची जास्तच गरज. तिकडे बैलाचं किंवा वासराचं आणि डुकराचं मांस एकत्र करतात, त्यात चरबी भरपूर असते; बोकडाचं मटण कोरडं. म्हणून खाटकाला खांद्याचा खिमा सांगा आणि थोडी चरबी त्यातच काढायला लावा. इथल्या खाटकाला मी हे सांगितलं तेव्हा आधी त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. रोज गिऱ्हाईक चरबी काढ म्हणतं, हा घाल म्हणतो!

आता त्यात एक अंडं, दोन पाकळ्या लसूण अगदी बारीक चिरून, मिरपूड, चमचाभर मीठ आणि किसलेलं चीज. परवडलं तर पार्मेझान घ्या, नाहीतर साध्या चीजची एक वडी; तेव्हा मीठ जरा कमी. शिवाय चिमूटभर जायफळ. श्रीखंडासाठी ठेवलेलं चालेल, इटलीतही या गोळ्यांत ते पडतं. नेपल्सकडे तर बेदाणे आणि चिलगोजेही घालतात. चिलगोजे सोडून द्या, पण तासगाव तुमच्या इतकं जवळ असताना बेदाणे सोडू नका. आंबटगोड सॉसमध्ये मटणाच्या घासात मधूनच एखादा बेदाणा छान लागतो.

काय घालायचं नाही ते नीट वाचा. आलं नाही, हळद नाही, गरम मसाला नाही, कोथिंबीर नाही. आणि कांदा-लसूण चटणीची बरणी ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर ठेवा. मी तुमच्या हाताला ओळखतो. पदार्थ फिका वाटला की तुमचा हात आपोआप तिकडे जातो.

पाण्याचा हात लावून लिंबाएवढे गोळे वळा, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. मग पसरट तव्यात थोड्या तेलावर दोन्ही बाजूंनी रंग येऊ द्या. आतून कच्चे राहिले तरी हरकत नाही, पुढे सॉसमध्ये शिजतात.

सॉसचा सगळा भार टोमॅटोवर. आमच्या सीवूड्सला स्टेशनच्या डोक्यावरच मॉल आहे. लोकलमधून उतरून वर गेलं की डब्यातले इटालियन टोमॅटो मिळतात. व्हेसुव्हियसजवळचे ते सान मार्झानो लांबट, गराचे, कमी बियांचे. आपल्याकडचा बाजारातला टोमॅटो ट्रकचा प्रवास सोसायला जाड सालीचा केलेला. त्यात पाणी जास्त, आंबटपणा पुढे. पण त्याचा सॉस होत नाही असं नाही. एक किलो लालबुंद, बोटाला मऊ लागणारे घ्या, आडवे चिरून किसणीवर किसा. साल हातात राहते, गर खाली पडतो. दोन पळ्या तेलात ठेचलेला लसूण गुलाबी होऊ द्या, लाल नको, आणि गर ओता. तेल ऑलिव्हचं नसेल तर सूर्यफुलाचं. शेंगदाण्याच्या तेलाचा वास वर राहतो. साखरेऐवजी गाजराचा एक तुकडा टाका, शेवटी काढून घ्या. कुकर लावू नका. मंद आचेवर उघड्या पातेल्यात पाऊण तास ठेवलं की पाणी उडतं आणि आंबटपणा निवळतो. मग गोळे सोडा, झाकण तिरकं ठेवा, आणखी पाऊण तास. डाव घालायचा नाही. पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवायचं.

वासाला बेझिल हवी. वृंदावनातली तुळस तोडू नका. देवाधर्माचं सोडा, तिचा वास लवंगेच्या अंगाने जातो. फालुद्यातला सब्जा म्हणजे बेझिलच्याच जातीचं बी. कुंडीत पेरा, महिन्याभरात पानं मिळतील. वास जरा बडीशेपेकडे झुकतो, पण घराणं तेच. आमच्या बाल्कनीत ती खाडीच्या वाऱ्यावरही तग धरून आहे.

राहिला नातवाचा हट्ट, की खाली स्पॅगेटी हवीच. इटलीत बहुधा आधी पास्ता खातात आणि गोळे नंतर, पावाबरोबर. तेरामोकडे पास्त्यात गोळ्या घालतात, पण त्या अगदी बोराएवढ्या. मोठे गोळे स्पॅगेटीवर चढले ते अमेरिकेत. 1880 नंतरच्या चाळीसेक वर्षांत दक्षिण इटलीतून लाखो गरीब माणसं तिकडे गेली. गावी सणासुदीला दिसणारं मांस तिथे आठवड्याच्या पगारात बसू लागलं, तसा गोळा फुगला. तेव्हा नातवाला स्पॅगेटी द्या, त्यात खोटं काही नाही. दादांना मात्र पावच द्या, त्यांना त्या लांब शेवया गुंडाळता येणार नाहीत.

एवढं सगळं करून त्यांना ते मिळमिळीत वाटेल, हे मी आत्ताच लिहून ठेवतो. त्यांच्यासाठी फळीवरची बरणी खाली काढा, पण चटणी ताटात डावीकडे वाढा, पातेल्यात नको. तेवढं माझं ऐका.

दादांना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

आपला,
भाऊजी

ता. क. जमलं तर आदल्या संध्याकाळी करून ठेवा. मुरल्यावर चव वाढते. गरम करताना पाणी घालायचा मोह होईल. आपल्याला रस्सा नको आहे, सॉस हवा आहे. तो गोळ्याला धरून राहिला पाहिजे. फार आटला तर दोन चमचे पाणी, त्यावर नाही.