आधी मेंढ्या, मग जहाजं

आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू आली की तिच्याबरोबर एक माहितीपुस्तिका येते, आणि ती वाचायची जबाबदारी माझ्यावर येते. कारण मी बी.कॉम. आहे. बी.कॉम. झालेल्या आणि वर बँकेत चिकटलेल्या माणसाला बारीक अक्षर वाचता येतं, अशी आमच्या सौ.ची प्रामाणिक समजूत आहे. मिक्सर झाला, गीझर झाला, मुलीच्या सायकलचे गिअर झाले. म्हणून एका शनिवारी संध्याकाळी भाच्याने पुण्याहून आणलेली तीन खोकी हॉलमध्ये मांडली आणि त्यातून तीन पुस्तिका काढल्या, तेव्हा सगळ्यांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं.

"मामा, तू नुसता बस," भाचा म्हणाला. "मी समजावतो."

इतक्या वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. मी बसलो.

खेळाचं नाव कॅटन. हा जर्मनीतला खेळ. क्लाउस टॉयबर नावाच्या गृहस्थांनी तो तयार केला आणि 1995 साली तो बाजारात आला. त्याच वर्षी तिकडचा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान त्याला मिळाला. हे टॉयबर पेशाने दंततंत्रज्ञ. दिवसा लोकांचे दात आणि रात्री तळघरात बसून खेळ, असा त्यांचा संसार. (आमच्या शाखेतही एक जण दिवसा पासबुकं छापतो आणि रात्री भजनात पखवाज वाजवतो. दुसऱ्या कामासाठीच माणसं पहिलं काम करतात.) 2023 साली टॉयबर वारले, पण त्यांचं बेट जगभरच्या घरांत जमिनीवर मांडलेलं आहे.

बेट म्हणजे एकोणीस षट्कोनी तुकडे. कुठे रान, कुठे कुरण, कुठे गव्हाचं शेत, कुठे विटांची माती, कुठे खनिजाचा डोंगर आणि मध्ये एक वाळवंट. दोन फासे टाकायचे. जी बेरीज येईल तो आकडा ज्या तुकड्यावर असेल, त्याच्या कडेला ज्याचं घर त्याला तिथला माल मिळतो. त्या मालातून रस्ते करायचे, घरं बांधायची, घरांची शहरं करायची. दहा गुण झाले की जिंकलात. माल कमी पडला तर दुसऱ्याशी सौदा करायचा, आणि कोणीच दाद देत नसेल तर बँकेत जायचं. चार सारख्या वस्तू द्या, हवी ती एक घ्या. ना फॉर्म, ना फोटो, ना "साहेब जेवायला गेलेत". ही बँक मला मनापासून आवडली.

आता एवढंच सांगून भाचा थांबला असता तर मला हा लेख लिहावा लागला नसता. पण उरलेली दोन खोकी त्याला स्वस्थ बसू देईनात. एकाचं नाव 'सीफेअरर्स', जन्म 1997. दुसरं 'सिटीज अँड नाइट्स', जन्म 1998. मूळ खेळावर चढवायचे हे विस्तार. पहिल्यात जहाजं, नवी बेटं, सोन्याच्या नद्या आणि एक चाचा. दुसऱ्यात काय आहे यापेक्षा काय नाही ते सांगणं सोपं. कागद, कापड आणि नाणी ही तीन नवी चलनं, तीन रंगांचे चोपन्न पत्ते, तीन दर्जांचे सरदार, एक जादा फासा, आणि त्या फाशाच्या लहरीवर आपल्याकडे सरकत येणारं रानटी टोळ्यांचं जहाज. जिंकायला दहा गुण पुरत नाहीत, तेरा लागतात.

भाच्याने सगळं एकदम मांडलं. हॉलमधला टीपॉय हलवावा लागला. मग तो बोलत राहिला. "लाकूड आणि लोकर दिली की जहाज... लोकर आणि खनिज दिलं की सरदार, पण तो झोपलेला असतो, गहू दिला की जागा होतो... लुटारू इथे वाळवंटात आहे, पण पहिली स्वारी होईपर्यंत त्याने हलायचं नाही..."

"मग त्याला आत्ता मांडलाय कशाला?" सौ.ने विचारलं. तिला आत्ता न लागणारी वस्तू बाहेर काढलेली खपत नाही.

चाळीस मिनिटं झाली असतील. तेवढ्यात आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिला प्रश्न विचारला. "वीट कशाने मिळते?"

"ते येईल पुढे, आजोबा," भाचा म्हणाला.

आण्णा दोन मिनिटं बसले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "तुम्ही खेळा. मला जरा पाठ टेकायची आहे."

साडेआठ वाजले होते.

इथे थोडं घरचं सांगायला हवं. आमची आई गेल्या पावसाळ्यात गेली. ती असताना रोज रात्री जेवणं झाली की पाच-तीन-दोनचा डाव पडायचा. ती, आण्णा, आणि तिसरा जो हाताला लागेल तो. आई गेल्यापासून पत्त्यांचा जोड ड्रॉवरमध्ये आहे, आणि आण्णा जेवले की थेट खाटेवर. कॅटन आणायची कल्पना माझ्या मुलीची. पत्ते काढले तर आजीची जागा रिकामी दिसेल, म्हणून नवीन काहीतरी हवं, हा तिचा हिशेब. तिने तो दादाला फोनवर सांगितला होता. मला नाही. आण्णा उठले तेव्हा तिचा चेहरा पाहून मला तो कळला.

रात्री मी भाच्याला गॅलरीत गाठलं. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. "मामा, नुसता मूळ खेळ फाशांवर चालतो. आकडा नाही आला तर माणूस हात चोळत बसतो. आजोबांना पहिल्यांदाच ते दिसलं तर परत बसणार नाहीत. चांगलं आहे ते आधीच दाखवावं."

हे त्याचं खरं आहे. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांत साताच्या सहा, सहाच्या आणि आठाच्या पाच-पाच. तुमचं घर दोनाशेजारी पडलं तर छत्तीसात एकदा तुमच्या नशिबी मेंढी. पन्नास डाव खेळलेल्याला याचा वीट येणारच, आणि विस्तार हा त्या विटीवरचा उतारा आहे. पण उतारा घ्यायला आधी वीट यावा लागतो! आण्णांना अजून कसलाच कंटाळा आला नव्हता. त्यांना फक्त वीट हवी होती, खरीखुरी, मातीची, आणि ती कशाने मिळते ते आम्ही सांगितलं नाही.

आणि गंमत म्हणजे खुद्द टॉयबरांची मूळ कल्पना याहून अवाढव्य होती. तिचे तुकडे करावे लागले आणि तिच्यातून कॅटनखेरीज आणखी दोन स्वतंत्र खेळ निघाले. करणाऱ्याने जे मन घट्ट करून बाहेर काढलं, त्याच्या जोडीची ओझी आमच्या भाच्याने पहिल्याच संध्याकाळी परत चढवली होती.

भाच्याला मी हे जरा मोठ्या आवाजात सांगितलं खरं. पण अंथरुणावर पडल्यावर मला आमच्या काउंटरवरची एक म्हातारी आठवली आणि आवाज बसला. पासष्टीची असेल. खातं उघडायला आली होती. आमच्याकडे त्या महिन्यात वरून टार्गेट आलेलं. मी तिला एटीएम कार्ड सांगितलं, मोबाइलवर येणारे संदेश सांगितले, मुदतठेव सांगितली, 2015 साली आलेल्या अपघात विमा, जीवन विमा आणि अटल पेन्शन या तिन्ही योजना सांगितल्या, आणि शेवटी "पैकी दोहोंत तुमचं वय बसत नाही" हेही सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "साहेब, मला नुस्तं पुस्तक पाहिजे होतं. पैसे ठेवायचं." मी म्हटलं, "हो, ते येईलच पुढे." "घरी विचारून येते," म्हणून ती गेली. ती परत आली नाही. मी बँकेत लागलो तेव्हा माझ्या हेडकॅशियरने पहिले आठ दिवस मला फक्त नोटा मोजायला दिल्या होत्या. बेरीजसुद्धा नाही. तेव्हा मला तो अपमान वाटला होता.

भाचा सोमवारी पुण्याला गेला, खोकी ठेवून. दोन मी माळ्यावर टाकली. पुढच्या रविवारी चहानंतर टीपॉयवर (तो आता जागेवर होता) फक्त एकोणीस तुकडे मांडले. लुटारू मात्र ठेवला, सात पडले की त्याला हलायला लागतं म्हणून. आण्णांना हाक मारून म्हटलं, "वीट या लाल मातीतून मिळते. सहा किंवा दहा पडायला पाहिजेत." ते आले. खुर्चीवर बसले नाहीत, तिच्या पाठीला धरून उभे राहिले.

पहिले दोन डाव आम्ही सगळ्यांनी पत्ते उघडे ठेवले. लहानपणी पाच-तीन-दोन शिकवताना आईने माझे असेच उघडे ठेवले होते. हात कमी-जास्त झाल्यावर पत्ते ओढायचे असतात, ही भानगड तर तिने मला महिन्याभराने सांगितली. तोवर मी तिला एकही हात कधी देणं लागत नाही याच आनंदात होतो.

तिसऱ्या डावाला आण्णांनी पत्ते छातीशी धरले. चौथ्याला सौद्यात उतरले. चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत काढलेला माणूस. त्यांच्याकडून वीट काढणं म्हणजे पाचच्या ठोक्यानंतर रजिस्टर करून घेण्यासारखं. "दोन मेंढ्या? दोन मेंढ्यांत आजकाल वीट येते होय?" सौ. रोज भाजीवाल्याला नमवते, पण सासऱ्यापुढे तिने तीन दिल्या. आणि सात पडले की लुटारू दर वेळी माझ्याच गव्हावर. मी कुरकुर केली तर म्हणाले, "बँकवाला आहेस, तुला काय कमी आहे?"

मधे दिवाळीला बहीण आणि मेव्हणे आले तेव्हा पाच-सहा जणांसाठीचं जोडखोकं मागवलं. त्याला मी विस्तार मानत नाही. पंगतीला दोन पाट वाढवण्यासारखं आहे ते. पदार्थ तेच, फक्त वाढपी आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो. मेव्हणे तेवढ्यात एक डुलकी काढतात.

परवाच्या रविवारी, आठवा की नववा डाव असेल, आण्णांचा रस्ता किनाऱ्याला जाऊन अडला. ते बराच वेळ बेटाभोवतीच्या निळ्या पट्टीकडे पाहत राहिले. मग चष्मा वर सरकवून म्हणाले, "एवढा समुद्र पसरलाय सगळीकडे. तिकडे काहीच करता येत नाही का रे?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी माळ्याकडे पाहिलं. सौ.ने न बोलता स्टूल आणून ठेवलं आणि वर तेवढ्यात दिवाळीचे डबेही खाली काढा म्हणाली. मी एक पाय स्टुलावर ठेवला.

"आत्ता नको," आण्णा म्हणाले. "पुढच्या रविवारी काढ. आत्ता सगळ्या विटा माझ्याकडे आहेत."