सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी. पण घरी कोणाच्या भरवशावर?

लेकराला ऑपरेशनच्या दिवशीच सुट्टी मिळणार म्हटलं की वस्तीतली माणसं पहिलं हेच विचारतात, "आपण गरीब म्हणून लवकर हाकलतात काय?" या संशयामागे पिढ्यांचा अनुभव आहे. त्याला आम्ही अडाणीपणा म्हणणार नाही. पण इथे तो चुकीच्या जागी आहे.

ग्लासगोच्या डॉ. जेम्स निकोल यांनी 1909 साली दहा वर्षांचा हिशेब मांडला: लेकरांची 8,988 ऑपरेशनं, खाटेवर न ठेवता त्याच दिवशी घरी. तान्हं मूल आईजवळच चांगलं सावरतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आज हर्निया, हायड्रोसीलसाठी निरोगी मुलाला जगभर असंच सोडतात. अपुऱ्या दिवसांच्या तान्ह्या बाळाला मात्र नाही. भुलीनंतर त्याचा श्वास थांबू शकतो, म्हणून ते रात्रभर नजरेखाली हवं.

मात्र निकोल यांच्या नर्स नंतर घरोघर जात होत्या. आपल्याकडे नेमकं हेच गळतं.

धाराशिव जिल्ह्यात बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत दोष शोधतं. महात्मा फुले योजनेत मुलांच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. पण भूम-परंड्याच्या वस्तीवरून पहाटे निघालेल्या पोराला "रात्रीपासून उपाशी ठेवा" एवढंच सांगितलेलं असतं. खरा नियम असा: जेवण 6 तास, आईचं दूध 4 तास, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत. लांबून आलेल्याचा नंबर पहिला लावला तर कोणाचं काय बिघडतं? आणि कमरेखालच्या ऑपरेशनला दिलेलं बधिरतेचं इंजेक्शन काही तासांत उतरतं, तेव्हा पोर एसटीत असतं. वजनाप्रमाणे दुखण्याचं औषध किती आणि कधी द्यायचं, हे निघण्याआधीच आईच्या हाती हवं.

दुसरा धोका उलटा. "यांचं घर योग्य नाही" म्हणून त्याच दिवशी सुट्टी नाकारायची, म्हणजे आईबापाची दोन-तीन दिवसांची मजुरी बुडवायची. निकोल यांची पोरंही गरिबांचीच होती. घराची अडचण असेल तर माणूस घरी पाठवा, पोराला शिक्षा कशाला?

1928 साली मुंबई कौन्सिलात बाबासाहेबांनी बाळंतिणीच्या विश्रांतीचा भार सरकारनेही उचलावा, अशी बाजू मांडली होती. आज बाळंतिणीला घरी सोडायला सरकारी गाडी आहे, नवजात बाळासाठी आशाताईच्या गृहभेटी आहेत, त्याचं मानधनही आहे. ऑपरेशन झालेल्या तीन वर्षांच्या लेकरासाठी हेच मागायचं आहे: परतीची गाडी, दुसऱ्या दिवशी मानधनासह गृहभेट, आणि सुट्टीच्या कागदावर रात्री उचलला जाईल असा फोन नंबर. कार्यकर्त्यांनो, तालुक्यातल्या रुग्ण कल्याण समितीकडे या तीन ओळींचं निवेदन द्या आणि पोच घ्या. जय भीम.