मुशीची रात्र

आम्हा कर्जतकरांना मासा ठाऊक तो भीमेचा. त्यामुळे उन्हाळी सुट्टीत आम्ही चार शिक्षक श्रीवर्धनला मित्राच्या घरी गेलो आणि तो म्हणाला, "इशानंतर मुशीला गळ टाकू," तेव्हा आमची झोपच उडाली. मुशी म्हणजे लहान शार्क. हिलाच मोरीही म्हणतात.

गळाला बांगड्याचा तुकडा आणि गळाजवळ तार, कारण साधी दोरी मुशी दातांनी तोडते. भरती चढत होती. मित्र शाफई, आम्ही हनफी. त्यामुळे मुशी खावी का, यावर गप्पा रंगल्या. कल्ल्यांनी श्वास घेते, म्हणजे मासाच, यावर सर्वांचे एकमत झाले.

मध्यरात्री दोरी ताणली. हातभर मुशी वाळूवर आली. मित्राच्या चाचांनी तिचे फुगलेले पोट चाचपले. "पिल्लं आहेत. सोडा हिला."

"एवढ्या लांबून येऊन रिकाम्या हाती?" आमच्यातला एकजण म्हणाला.

"सूरह माइदाने समुद्राची शिकार हलाल केली, बेटा. हाव नाही केली."

बऱ्याच जातींचे शार्क अंडी घालत नाहीत, पिल्लांनाच जन्म देतात. ती थोडी असतात, वाढतातही सावकाश. म्हणून एकदा कमी झाले की पुन्हा लवकर भरून येत नाहीत. व्हेल शार्कला तर २००१ पासून कायद्याचे संरक्षण आहे.

चाचांनी गळ काढून तिला गुडघाभर पाण्यात धरले. शेपटी हलली, तशी सोडली. फजरपर्यंत दुसरे काही लागले नाही. सकाळी बाजारातून बोंबील आणले. तक्रार कोणाचीच नव्हती.